उशीर कोणी केला?

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावर महिला मंडळाची बैठक होती. विषय ठरला होता रेशनकार्डांचा. बायका जमल्या, पण रेशनवर कोणी बोलेना. सगळ्यांचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या एका तरुण सुनेकडे. तिच्या मांडीवर चौदा महिन्यांचा मुलगा, त्याच्या मनगटावर सलाईनची सुई काढल्यानंतरची चिकटपट्टी अजून तशीच. न्यूमोनिया झाला होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस राहून पोर आदल्या दिवशीच घरी आलं होतं. कागदांची पिशवी माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली, "ताई, हे सगळं वाचा आणि मला एवढंच सांगा, उशीर मी केला का?"

हा प्रश्न तिला चार जणांनी विचारला होता. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी, मोठ्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्याने, वॉर्डातल्या सिस्टरने आणि घरी परतल्यावर सासऱ्याने. "एवढा उशीर का केला? आई आहेस ना?" नवरा तिच्या शेजारीच उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

रेशनचा विषय आम्ही पुढच्या बैठकीवर ढकलला. बैठक शाळेच्या पडवीत होती, तिथे फळा होता. त्यावर तासांचा हिशोब मांडला. सोमवारी दुपारी चारला ती बेणणीवरून घरी आली तेव्हा पोराचं अंग तापलेलं होतं. सासू म्हणाली, दात येतायत, सकाळपर्यंत उतरंल. नवरा एमआयडीसीत कंत्राटावर, दुसऱ्या पाळीला. रात्री अकराला आला, म्हणाला सकाळी बघू. मंगळवारी दहाला बाजारातल्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. हे झाले १८ तास. डॉक्टरने सुई मारली, पुडीत तीन रंगांच्या गोळ्या दिल्या, ३०० रुपये घेतले. ताप उतरला. पोर झोपलं, घर निर्धास्त झालं. संध्याकाळी सातला ताप पुन्हा चढला. हे ९ तास. मग भगत, अंगारा, रात्रभर उसनवारी. ती सांगत होती, "त्याचं पोट उडतंय." पहाटे पाचला १२०० रुपये ठरवून जीप निघाली. हे १० तास. रस्त्यात दोन तास. सातला सरकारी दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर येणं, तपासणं, चिठ्ठी लिहिणं, गाडी मिळणं आणि शहरात पोचून पोराला ऑक्सिजन लागणं यात ७ तास. बेरीज ४६.

"आता यातले तिचे किती, ते सांगा," मी म्हटलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, सकाळपासून पोराला सोडून बांधावर होती, तो वेळ तिच्या नावावर धरा. त्यावर दुसरी उसळून म्हणाली, "शेत काय तिच्या माहेरचं होतं?"

१९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांवर एक लेख लिहिला होता. त्यांनी उशिराचे तीन भाग केले. घरात निर्णय व्हायला लागणारा वेळ, दवाखान्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ, आणि पोचल्यावर खरे उपचार सुरू व्हायला लागणारा वेळ. आमच्या फळ्यावर हे तिन्ही भाग जसेच्या तसे निघाले. शिवाय एक चौथा निघाला, सुईने ताप उतरवून दिलेल्या खोट्या धीराचा. चारही भागांत ताप पहिल्यांदा ओळखणारी, नेऊ या म्हणणारी आणि श्वास बिघडल्याचं सांगणारी बाई एकच होती. तिच्याकडे त्या दिवशी ४० रुपये होते.

मैत्रिणींनो, मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. मुलांच्या तापाबद्दल आपण आईला शिकवतो. मीही शिकवलं आहे. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आणि नंतर संस्थेच्या नोकरीत 'माता-शिक्षण' नावाचा तक्ता घेऊन मी पाडे हिंडले आहे. तक्त्यावर अडाणी आई असायची आणि शेवटच्या चित्रात ती शहाणी होऊन दवाखान्याच्या दारात उभी असायची. मधे सासू नाही, नवरा नाही, कंत्राटदार नाही, जीपवाला नाही. 'पिता-शिक्षण' असा तक्ता मी आजवर पाहिलेला नाही. शिकवण्याने आईची माहिती वाढते हे खरं, पण तिचा शब्द वजनदार होत नाही. उलट आता तिला 'सांगूनही कळत नाही' हा ठपकाही बसतो.

अंगाला हात लावून ताप नाही हे ओळखण्यात आया सहसा चुकत नाहीत. किती आहे हे हाताला कळत नाही, कधी कधी नसलेला ताप आहे असं वाटतं, पण मूल नेहमीसारखं नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना मुलांचे श्वास मोजायला शिकवलं. यातल्या कित्येक दायांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी श्वास मोजले, न्यूमोनिया ओळखला, ठरलेलं औषध दिलं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये याचे निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी होते. म्हणजे निरक्षर बाईच्या नजरेवर विश्वास ठेवला, तिच्या हातात साधन दिलं, की मुलं वाचतात, हे आपल्याच महाराष्ट्रात पस्तीस वर्षांपूर्वी दाखवून झालं आहे.

पण घरात भांडायचं तर माहिती पक्की हवी, म्हणून थोडं तापाबद्दल.

ताप हा स्वतः रोग नाही. शरीर जंतूंशी झगडताना तापतं. काखेत थर्मामीटर लावून ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून वर आकडा आला की ताप धरावा. पण आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते महत्त्वाचं. १०२ ताप असून खेळणारं, पिणारं मूल एक वेळ घरी सांभाळता येतं. १०० ताप असून मलूल पडलेलं, छातीला न लागणारं मूल लगेच हलवायला हवं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काहीही करत बसायचं नाही, दिवस असो की रात्र, दवाखाना. अशा बाळाचं अंग थंड पडलं तरीही तेच. मोठ्या मुलाच्या बाबतीत धोक्याच्या खुणा या: काही पीत नाही, प्यायलेलं सगळं ओकतं, आकडी येते, हाक मारून जागं होत नाही, मान ताठते. श्वास शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त आला, किंवा श्वास घेताना बरगडीखाली खड्डा पडला, तर थांबायचं नाही. आपल्या बाया म्हणतात ते 'पोट उडणं' हेच, आणि ते शास्त्राला धरूनच आहे.

औषध लागलंच तर पॅरासिटामॉल, आणि तेही वजनावर. एका किलोला १५ मिलिग्रॅम असा हिशोब धरतात. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५०. इथे मोठी चूक होते ती बाटलीमुळे. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत २५०, आणि थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १००. म्हणजे त्याच मुलाला पहिल्या बाटलीतलं ६ मिली, दुसरीतलं ३ आणि थेंबांचं दीड. 'एक चमचा द्या' हा सल्ला म्हणून धोक्याचा. दोन वेळांत चार ते सहा तासांचं अंतर हवं, दिवस-रात्र मिळून चारापेक्षा जास्त वेळा नको. अॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारने २०११ मध्येच बंद केलं आहे. पुडीतल्या रंगीत गोळ्या कसल्या हे विचारायचा आपला हक्क आहे, नाव लिहून मागायचं.

मिठाच्या पाण्याच्या घड्या आपण सगळ्यांनीच कपाळावर घेतल्या आहेत. मिठाने काही होत नाही. थंडगार पाण्याने मुलाला हुडहुडी भरते आणि ताप आतून वाढतो. कोमट पाण्याने अंग पुसलं तर मुलाला बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. गोधडीत गुंडाळायचं नाही. अंगावरचं पाजत राहायचं, आईचं दूध 'बाधत' नाही. ती उन्हातून आली, तिने थंड खाल्लं, म्हणून पोर तापलं, हे शास्त्र कुठल्याच पुस्तकात नाही, फक्त सासरी आहे.

आकडी आली की घर हादरतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना नुसत्या तापाने आकडी येते. बहुतेकांची पाच मिनिटांच्या आत थांबते आणि मेंदूला इजा होत नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, वेळ बघायची. पाच मिनिटांवर गेली तर ताबडतोब, आणि पहिल्यांदा आली असेल तर थांबल्यावरही, डॉक्टरकडे न्यायचं. डाम देणारे अजून आहेत. त्यांच्या दारात आपण मंडळाने उभं राहायला हवं.

पावसाळ्यातला ताप म्हटला की पहिल्याच दिवशी हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावं. आशाकडे त्याची पट्टी असते, नसेल तर का नाही हे विचारावं. डेंगीचा ताप फसवा, तो उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो. पोटात दुखणं, सतत उलटी, कुठूनही रक्त येणं, हातपाय गार पडणं दिसलं तर 'ताप तर गेला' म्हणून बसू नये. आणि अंगावर पुरळ आलं की देवी आली म्हणून घरात लपवू नये. २०२२ साली मुंबईत गोवंडीत आणि आपल्या जिल्ह्यात भिवंडीत गोवर पसरला, मुलं गेली. गोवराची लस आहे, गोवर झालेल्या मुलाला जीवनसत्त्व अ द्यावं लागतं.

'भरपूर पाणी पाजा' असं प्रत्येक तक्त्यावर असतं. शहापूरच्या बायका हे ऐकून हसतात. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तापलेल्या पोराला पाजायचं पाणी आणायला आई हंडा घेऊन गेली की तेवढा वेळ पोराजवळ कोण? बहुतेक घरात सात-आठ वर्षांची बहीण, शाळा बुडवून.

आता सुईबद्दल. बायका सुई मागतात म्हणून आम्ही डॉक्टर सुई देतो, असं मला अनेकांनी ऐकवलं आहे. मागतात हे खरं आहे. का मागतात याचा मी पुष्कळ विचार केला. घरातून ३०० रुपये घेऊन निघालेल्या बाईला परत जाऊन हिशोब द्यायचा असतो. 'नुसतं औषध दिलं, पाणी पाजा म्हणाले,' असं ती सांगू शकत नाही. सुई ही तिची पावती असते. सुई मारली म्हणजे तिने जे करायचं ते केलं, उद्या काही झालं तर तिच्यावर येणार नाही. लोकविज्ञान संघटनेने अनावश्यक इंजेक्शन-सलाईनविरुद्ध वर्षानुवर्षं प्रचार केला, तो योग्यच होता. पण जोवर दोष आईच्याच पदरात पडणार आहे तोवर ती अशी पावती मागत राहणार, हेही समजून घेतलं पाहिजे.

आणि वेळेवर डॉक्टरकडे नेणाऱ्या आयांचं तरी काय झालं? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात साध्या ताप-खोकल्याची वीसहून अधिक लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. कित्येकांना शेवटी आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणलं होतं. खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरीनमधल्या याच विषाने रुग्ण दगावले होते, लेंटिन आयोग बसला होता. चाळीस वर्षांनी तेच विष मुलांच्या बाटलीत आलं. या आयांनी उशीर केला नव्हता, लिहून दिलेलं औषध वेळेवर पाजलं होतं.

दिवाळीनंतर प्रश्न आणखी कठीण होतो. मुरबाड-शहापूरची कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीवर हिशोब जोडीचा, पण खर्ची जाते नवऱ्याच्या हातात. मूल तापलं म्हणून बाई दोन दिवस थापायला बसली नाही तर तेवढी वीट कमी, तेवढं कर्ज जास्त. गावची अंगणवाडी, गावची आशा मागे राहिलेली, लसीचं कार्ड पत्र्याच्या पेटीत. मालकाची परवानगी हा तिथे उशिराचा आणखी एक भाग आहे. तिथल्या बायकांना मी थर्मामीटर कसा वाचायचा ते शिकवलं तेव्हा एकीने विचारलं होतं, "वाचून कोणाला सांगू?"

मुलगी असली की 'उतरंल' हा शब्द एक दिवस जास्त चालतो, हेही मी पाहिलं आहे.

मग आपण काय करायचं? सरकारकडून मागायचं ते स्पष्ट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. हे कागदावर आहे म्हणून रात्री दोन वाजता पाड्यावर असेल असं नाही. किती फोन केले, किती वेळाने गाडी आली, डॉक्टर हजर होते की नाही, हे तारीख-वेळ घालून मंडळाच्या वहीत लिहायचं आणि ग्रामसभेत वाचायचं. आशांवर सगळं ढकलून चालणार नाही. मानधनासाठी २०२३-२४ मध्ये त्यांना संप करून आझाद मैदानात बसावं लागलं. त्याही बायकाच आहेत, आणि उशिराचा प्रश्न त्यांनाही विचारला जातो.

पण घरातल्या १८ तासांवर सरकार काही करणार नाही, ते आपलं काम. त्या पाड्यावरच्या मंडळाने बैठकीत ठरवलं की बचतीतले २००० रुपये वेगळे ठेवायचे, मुलाच्या आजाराला. आईने मागितले की द्यायचे, घरात विचारून ये असं म्हणायचं नाही. एक जीपवाला पैसे नंतर घ्यायला तयार झाला. मग पाठीमागून एक म्हातारी म्हणाली, "ती घेऊन जाईल गं पोराला. परत आल्यावर नवऱ्याने बडवलं तर?"

या प्रश्नावर बैठक खूप वेळ अडली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा मी सांगू लागले, पण मलाच माहीत होतं की पाड्यावर त्या रात्री तो कायदा पोचत नाही. तोडगा बायकांनीच काढला. नेण्याचा निर्णय आईचा म्हणून लिहायचाच नाही. वहीत 'मंडळाने ठरवून नेलं' असं लिहायचं, बरोबर दोघींनी जायचं, आणि घरी जाब द्यायलाही त्या दोघींनीच. तिला एकटीला उभं करायचं नाही. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात मुंढव्याजवळच्या वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्याकडे चालत गेल्या, त्यातच प्लेग होऊन १० मार्चला वारल्या. ते मूल त्यांचं नव्हतं. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा ती म्हातारी म्हणाली, मग आपल्याला काय, जीप आहे.

मार्गशीर्षात मी पुन्हा त्या पाड्यावर गेले. वहीत तीन नोंदी होत्या. दोन मुलं मुरबाडला दाखवून आणलेली, एकाला आशाने घरीच औषध दिलेलं. त्या सुनेच्या घरी चहाला गेले. मंडळाने दिलेला थर्मामीटर फळीवर डब्यात होता. पोराला पुन्हा एकदा ताप येऊन गेला होता. या वेळी नवऱ्याने कामावरून फोन करून विचारलं, "किती आहे?" १०१ ऐकल्यावर तो पाळी सोडून आला.

"चांगलं झालं की," मी म्हटलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पण ताई, त्या सोमवारी मी हात लावून सांगितलं होतं. तेच सांगितलं होतं." आणि तिने थर्मामीटर पुसून परत डब्यात ठेवला.